कैदेच्या कथेतील ताण कसा लिहावा

डांबून ठेवलेल्या माणसाची कथा लिहिताना छळाचे प्रसंग आधी कमी करावेत. मारहाणीचे तिसरे वर्णन येईपर्यंत वाचक बधिर झालेला असतो. उलट, दाराबाहेरची पावले आज नेहमीपेक्षा उशिरा का आली, या एका प्रश्नासाठी तो पान उलटतो. ताण वेदनेपेक्षा अंदाज चुकण्यातून अधिक वाढतो. म्हणून कोंडणारा सरसकट क्रूर नव्हे, लहरी असावा: ज्या विनवणीवर काल त्याने पाणी दिले, त्याच विनवणीवर आज तो दिवा काढून नेईल. मग बंदिवान त्याच्या खोकल्याचा, किल्ल्यांच्या आवाजाचा अर्थ लावू लागतो आणि त्याच्यासोबत वाचकही कान टवकारतो.

अंधार केवळ घाबरवण्यासाठी वापरणे ही मला उधळपट्टी वाटते, कारण अंधारात काळाचा हिशेबच सुटतो. फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ मिशेल सिफ्र १९६२ मध्ये स्वेच्छेने, घड्याळाशिवाय, सुमारे दोन महिने एका गुहेत राहिले. १४ सप्टेंबरला प्रयोग संपला, तेव्हा त्यांच्या मोजणीनुसार २० ऑगस्टच उजाडला होता. आपल्या पात्राच्या मोजणीतही असा घोळ होऊ द्यावा. लेखकाने मात्र खऱ्या तारखांचे टिपण जवळ ठेवावे आणि वाढलेली नखे, खपली धरलेली जखम अशा खुणांतून ही तफावत वाचकाला पात्राच्या आधी जाणवू द्यावी.

बंदिवानाला कोंडणाऱ्याविषयी वाटणारी जवळीक हा सर्वांत नाजूक भाग होय. १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत सहा दिवस ओलीस असलेल्यांपैकी एकीने पंतप्रधानांना फोनवरून सांगितले, की तिला भीती वाटते ती पोलिसांच्या हल्ल्याची. बंद खोलीतून पाहिले तर ही भीती तर्काला धरून होती. या घटनेवरून रूढ झालेल्या ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ या नावाआड न लपता, प्रत्येक नमते पाऊल कोणत्या हिशेबातून पडले ते दाखवावे. त्याला प्रेमकथेचा मुलामा देणारे लेखन मला अप्रामाणिक वाटते.

तग धरण्याचे मार्गही छोटेच असावेत. व्हिएतनाममधील अमेरिकन युद्धकैदी पाच ओळी आणि पाच रकान्यांत अक्षरे मांडून भिंतीवरील टकटकीने बोलत. असे एखादे कौशल्य पात्राला चुकतमाकत शिकू द्यावे. पुनर्लेखनाच्या वेळी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी बंदिवानाला कोणती नवी गोष्ट कळली किंवा त्याचा कोणता समज खोटा ठरला, हे समासात लिहावे. जिथे समास कोरा राहील, ते प्रकरण काढून टाकावे.