वेब एपीआयशी पहिली गाठ: कोड नंतर, कर्ल आधी

पणजीत पाटोवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात होमस्टेंच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर बनतं. फोंडा, डिचोली, पेडण्याकडची नवी मुलं-मुली कामाला येतात. पायथन त्यांना बरं येतं, पण बाहेरच्या एपीआयला (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या दरवाजाला) पहिली रिक्वेस्ट पाठवताना गाडी अडते. त्यांना माझं सांगणं असतं: कोड लिहायच्या आधी तीच रिक्वेस्ट टर्मिनलवरून कर्लने (रिक्वेस्ट पाठवायच्या कमांडने) पाठवा आणि आलेलं उत्तर हेडरांसकट, म्हणजे सोबतच्या माहितीच्या ओळींसकट, वाचा.

मेथड, म्हणजे रिक्वेस्टने काय करायचं ते सांगणारे शब्द, पाठ व्हायला वेळ लागत नाही. गेटने माहिती मिळते, पोस्टने बहुधा नवी नोंद होते, पुटने अख्खी नोंद बदलते, पॅचने तिचा काही भाग, डिलीटने ती जाते. पण तीच रिक्वेस्ट दोनदा गेली तर काय होईल, हे कळलं पाहिजे. गेट, पुट, डिलीट दोनदा गेले तरी परिणाम एकदा गेल्यासारखाच असायला हवा, असं एचटीटीपीचं, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांचं, मानकच सांगतं. पोस्टला ही हमी नाही. समजा, डिसेंबरअखेरीस हणजूणच्या खोलीचं बुकिंग पोस्ट केलं, नोंद झाली, पण उत्तर परत येता येता नेट गेलं. प्रोग्रॅमला वाटतं काम फसलं, तो पुन्हा पाठवतो, आणि एकाच पाहुण्याच्या नावावर दोन खोल्या लागतात. ऐन सीझनात खोली अशी अडकली की थेट मालकाच्या पोटावर पाय येतो. म्हणून पोस्टला डोळे मिटून रिट्राय (आपोआप पुन्हा पाठवणं) लावू नका. बरेच पेमेंट एपीआय 'आयडेम्पोटन्सी-की' हा हेडर घेतात, त्यातल्या कीवरून तोच व्यवहार पुन्हा आलाय हे त्यांना कळतं. दर व्यवहाराला नवी की द्या, रिट्रायला मात्र तीच ठेवा.

ऑथेंटिकेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरला ओळख पटवताना, घोळ होतो तो बारीकसारीक गोष्टींत. ऑथरायझेशन हेडरमध्ये आधी 'बेअरर', मग एक मोकळी जागा, मग टोकन, म्हणजे तुम्हाला मिळालेली गुप्त अक्षरं. कॉपी करताना एखादं अक्षर सुटलं तरी ४०१ येतो. ४०१ म्हणजे सर्व्हरला तुमची ओळख पटलेली नाही: टोकन नाही, चुकलंय किंवा मुदत संपलीय. ४०३ म्हणजे बहुधा ओळख पटली, पण या कामाची परवानगी नाही. तिथे टोकन पुन्हा पुन्हा चिकटवून उपयोग नाही, त्याला दिलेले स्कोप (परवानग्या) तपासा. बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये नाव-पासवर्ड बेस६४ या रूपात जातात, ते रूप कोणालाही उलगडता येतं, तेव्हा ते एचटीटीपीएसशिवाय (सुरक्षित जोडणीशिवाय) नकोच.

टोकन यूआरएलमध्ये घालू नका, सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडं पडतं. कोडमध्येही नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये, ठेवा. चुकून गिटवर (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) गेलंच तर नुसती ओळ खोडून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या नोंदीत, ते राहतंच. आधी टोकन रद्द करा आणि लगेच सीनियरला सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका.

सरावाला गिटहबचा (कोड ठेवायच्या साइटचा) एपीआय उत्तम. टोकनाशिवाय मर्यादा ताशी ६० रिक्वेस्ट, स्वतःचं टोकन लावलं की सहसा ५,०००. उत्तरातल्या 'एक्स-रेटलिमिट-लिमिट' हेडरमध्ये हा आकडा असतो, त्यावरूनच टोकन लागू झालं की नाही ते कळतं.