पीएच.डी.साठी लॅब निवडताना पेपरांची यादी कशी वाचायची

लॅबसाठी अर्ज करायची वेळ आली की आमच्या एम.एस्सी.च्या मुली आधी पेपर मोजायला बसतात. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि दर वर्षी त्यांना हेच सांगते: आकडा राहू दे, या माणसाला कुठल्या प्रश्नाने पछाडलंय ते यादीतून शोधून काढा. पुढची काही वर्षं तुम्हाला त्या प्रश्नासोबत राहायचं आहे.

पेशीजीवशास्त्र आणि चेताविज्ञान ज्यांना आवडतं त्यांना मी सरावासाठी पेशीतल्या हालचालींवर काम केलेले अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रोनाल्ड वेल यांची यादी देते. पबमेड ही जैववैद्यकीय पेपरांची शोधसूची उघडा, आडनाव आणि पुढे आर डी ही आद्याक्षरं टाका, आणि निकाल जुन्याकडून नव्याकडे लावून घ्या. हे आडनाव फारसं आढळत नाही म्हणून सोपं जातं. पाटील, जोशी, कुलकर्णी शोधत असाल तर संस्थेचं नाव जोडा आणि ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पडताळा, नाहीतर चौघांचं काम एकाच्या खात्यावर वाचून मोकळ्या व्हाल.

सुरुवातीची दोन-चार वर्षं सावकाश बघा. १९८२ मध्ये वेल स्टॅनफर्डला एरिक शूटर यांच्याकडे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर हा चेतापेशी वाढवणारा घटक ज्याला चिकटतो त्या रिसेप्टरवर काम करत होते. हा घटक चेतापेशीच्या टोकाशी उचलला जातो आणि लांबलचक तंतूमधून, म्हणजे अ‍ॅक्सॉनमधून मागे पेशीच्या मुख्य भागाकडे नेला जातो. मग १९८५ साली 'सेल' या नियतकालिकात एकामागोमाग एक पेपर, आणि सगळे स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अ‍ॅक्सॉनवर! अशी उडी दिसली की थांबा. मध्ये काय घडलं ते यादी सांगत नाही, मुलाखतींतून कळतं. १९८३ मध्ये एल निन्योमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्विड मिळेनात, म्हणून वेल आणि त्यांचे सहकारी मायकेल शीट्झ पूर्व किनाऱ्यावर वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेले. अ‍ॅक्सॉनमधला माल मायोसिन (स्नायू आकुंचन करवणारं प्रथिन) वाहून नेतं का, हे त्यांना तपासायचं होतं. उत्तर वेगळंच निघालं. माल मायक्रोट्यूब्यूलवरून, म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्यांवरून, जात होता आणि त्याला ओढणारं प्रथिन तोवर कुणालाच माहीत नव्हतं. तेच कायनेसिन, पेशीत माल ओढणारं एक मोटर प्रथिन.

कायनेसिनचा हा १९८५ चा पेपर वाचताना आधी आकृत्या बघा, सारांश नंतर. कायनेसिन वेगळं कसं काढलं, हा भाग मला फार देखणा वाटतो. एटीपी या पेशीच्या इंधनासारखाच दिसणारा पण सहजी न तुटणारा रेणू घातला की हे प्रथिन मायक्रोट्यूब्यूलला घट्ट धरून बसतं. एटीपी दिलं की सुटतं. मग फक्त गोळा करायचं. प्रत्येक आकृतीपाशी वहीत एक ओळ लिहा: हे दाखवायला त्यांनी कशाशी तुलना केली? ही ओळ लिहिता आली नाही तर आकृती समजलेली नाही, पुन्हा वाचा.

आता लेखकांचा क्रम. आपल्या क्षेत्रात बहुतेक वेळा पहिलं नाव प्रयोग करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं असतं. १९८५ च्या त्या कायनेसिनच्या पेपरात वेल पहिले आहेत, शीट्झ शेवटचे. १९९६ मध्ये 'नेचर'मध्ये कायनेसिनची रचना आली आणि तिचं मायोसिनशी अनपेक्षित साम्य दिसलं. तिथे वेल शेवटी आहेत. २००४ च्या 'सायन्स'मधल्या पेपरात कायनेसिन एकापुढे एक पाऊल टाकत चालतं हे दाखवलं, त्यात वेल मधे आहेत आणि शेवटी पॉल सेल्व्हिन. मधलं नाव बघून काम किरकोळ ठरवू नका. रेणूची जागा अचूक मोजायचं तंत्र सेल्व्हिन यांच्याकडचं होतं, मोटर प्रथिनांचं ज्ञान वेल यांच्याकडचं. त्या पेपरचे पहिले लेखक अहमत यिल्दिझ पुढे वेल यांच्याच लॅबमध्ये पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे संशोधक) झाले.

म्हणूनच पहिल्या नावांची वेगळी यादी करा आणि ती माणसं आज कुठे आहेत ते शोधा. विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी येतात का? नंतर ती स्वतंत्र काम करतात का? मला तर नियतकालिकाच्या 'इम्पॅक्ट फॅक्टर'पेक्षा (त्यातल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यापेक्षा) हेच मोलाचं वाटतं. समीक्षालेख बाजूला काढा, मागे घेतलेले किंवा दुरुस्ती आलेले पेपर असतील तर त्यांवरची सूचना पूर्ण वाचा, आणि गेल्या दोन वर्षांचं काम बायोआर्काइव्ह या छापण्याआधीच्या पेपरांच्या संकेतस्थळावरही बघा.

विषय बदललेला दिसला तर लगेच दचकू नका. वेल यांच्या २०१२ च्या एका पेपरात रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी आहेत, पण पद्धत ओळखीची आहे: गुंतागुंतीच्या घटनेतले मोजके भाग घेऊन ती पुन्हा उभी करून बघायची.

हाच सराव मग जवळच्या लॅबवर करा. मोटर प्रथिनंच आवडली असतील तर मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि नंतर आयआयटीत काम केलेल्या रूप मल्लिक यांची यादी घ्या. ईमेल लिहाल तेव्हा स्तुतीची वाक्यं नकोत. त्यांच्या एका पेपरातली एक आकृती निवडा आणि ती बघून तुम्हाला खरोखर पडलेला प्रश्न दोन ओळींत विचारा.