निष्काळजीपणाचा दावा लिहिताना या चुका टाळा

ज्युनिअर वकील मंडळींची वादपत्रं, म्हणजे कोर्टात दाखल करायचे लेखी दावे, तपासताना तेच ते दिसतं. प्रतिवादी किती बेफिकीर, किती मुजोर, यावर पानंच्या पानं. वादीला इजा त्या बेफिकिरीमुळेच झाली, हे सांगणारं वाक्य मात्र कुठेच नाही. माझ्या पाहण्यातले बरेचसे दावे इथेच पडले.

एका दाव्यात मी हाउसिंग सोसायटीतर्फे उभा होतो. जिन्याची पायरी फुटलेली, तक्रार अर्जावर सेक्रेटरीची पोच. काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, त्याचा भंगही झाला होता. पडून मांडीचं हाड मोडलेल्या गृहस्थांच्या वकिलांनी त्यावर भरभरून लिहिलं होतं. पण हॉस्पिटलच्या पहिल्या केसपेपरवर नोंद होती: ‘चक्कर येऊन पडले’. उलटतपासणीत तो कागद पुढे केला. पाय नेमका कोणत्या पायरीवर पडला, हे वादीला सांगता येईना. दावा फेटाळला गेला. मला त्या गृहस्थांचं फार वाईट वाटलं, कारण तो केसपेपर त्यांच्याच वकिलांनी हजर केला होता, न वाचता.

इंग्लंडमधला बार्नेट खटला हेच शिकवतो. १ जानेवारी १९६६ च्या सकाळी तीन पहारेकरी चहा पिऊन उलट्या होतात म्हणून इस्पितळात आले. डॉक्टरांनी न तपासताच घरी पाठवलं. त्यांतला एक आर्सेनिकच्या विषबाधेने दगावला. कर्तव्यभंग सिद्ध झाला, पण तपासलं असतं तरी तो वाचला नसता, म्हणून भरपाई नाही.

माझी सवय सांगतो. आधी केसपेपर वाचायचा. मग ‘प्रतिवादीने काळजी घेतली असती तर काय टळलं असतं?’ याचं उत्तर हाताने एका वाक्यात लिहायचं. वाक्य जमेपर्यंत टायपिंग नाही. तयार नमुन्यात नावं बदलणाऱ्यांना एवढा धीर नसतो आणि त्याची किंमत पक्षकार मोजतो.

डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन (१९३२) म्हणजे गोगलगाय, एवढंच लिहून थांबू नका. वादीने प्यायलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय होती हे त्या खटल्यात कधी सिद्धच झालं नाही. प्रश्न होता उत्पादकाचं ग्राहकाप्रति कर्तव्य आहे का, हा.

रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर निष्काळजी, असं होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या जोशी विरुद्ध गोडबोले निकालातली डॉक्टरची तीन कर्तव्यं पाठ हवीत: केस घ्यावी का, उपचार कोणते द्यावेत, ते कसे करावेत. भंग यांतल्या कशाचा, ते लिहा.

आणि दाखल करण्याची मुदत. ग्राहक आयोगात दोन वर्षं. खासगी पक्षाला नोटीस पाठवल्याने ती थांबत नाही, तेव्हा उत्तराची वाट बघत बसू नका.