जुना कीबोर्ड जोडल्यावर लॅपटॉपच्या कळा चुकू लागल्या तर
पंचवटीतील आमच्या घरी माळ्यावरचा जुना यूएसबी कीबोर्ड लॅपटॉपला जोडला आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या कळांवर यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ उमटू लागले. अशा वेळी घाईने दुरुस्तीचे दुकान गाठू नये. ज्या लॅपटॉपमध्ये अंकांच्या कळा अक्षरांच्या कळांतच सामावलेल्या असतात, तिथे बाहेरच्या कीबोर्डावरील नम लॉक, म्हणजे अंकांच्या कळा चालू-बंद करणारी कळ, चालू राहिल्याने हा घोटाळा होतो, आणि ती कळ एकदा दाबली की अक्षरे पूर्ववत होतात.

एकच अक्षर सतत उमटत असेल, तर आधी बाहेरचा कीबोर्ड काढून पाहावा. त्रास लगेच थांबला, तर त्याचीच एखादी कळ अडकली आहे असे समजावे. नाशिकचा अख्खा पावसाळा माळ्यावर काढलेल्या आमच्या कीबोर्डाच्या स्पेसबारखाली दमट धुळीचा थर बसला होता. तो मऊ ब्रशने हलकेच झाडल्यावर कळ मोकळी झाली.

कळा उशिरा उमटत असतील, तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये फिल्टर कीज, म्हणजे क्षणभरच किंवा पुन्हापुन्हा दाबलेल्या कळांकडे दुर्लक्ष करणारे साधन, बंद करावे. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबलेली राहिली, तरी ते सुरू होऊ शकते. एवढ्यानेही भागले नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमधून, म्हणजे विंडोजमधील उपकरणांच्या यादीतून, बाहेरच्या कीबोर्डाची नोंद काढून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.