कार्टून मालिकेत पाहुण्या कलाकाराचा आवाज: पाऊण तासात रेकॉर्डिंग कसं उरकायचं

विनोदी कार्टून मालिकेत एखाद्या नावाजलेल्या माणसाचा आवाज घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी माइकची चौकशी सुरू करतात. माइक नंतर बघू. पाहुण्याकडे तुमच्यासाठी पाऊण तास असतो आणि त्यातली दहा मिनिटं चहात जातात. उरलेल्या वेळात जे हाती लागेल, त्यावर चित्रकारांना पुढचे कित्येक दिवस काढायचे असतात. ॲनिमेशनमध्ये आवाज आधी, चित्र मागाहून; डबिंगच्या बरोबर उलट. त्यामुळे खरं काम पाहुणा दारात येण्याआधीच व्हायला हवं.

पाहुणा स्वतःच्या नावाने येणार की दुसरं कुठलं पात्र होणार, हे सगळ्यात आधी ठरवा. १९८९ पासून चालू असलेल्या ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेने दोन्ही करून पाहिलंय. ‘बीटल्स’मधले गायक जॉर्ज हॅरिसन, पॉल मॅकार्टनी स्वतः म्हणूनच आले. नट डस्टिन हॉफमन १९९१ मध्ये मालिकेतल्या लिसा या शाळकरी मुलीचे बदली शिक्षक झाले, आणि श्रेयनामावलीत त्यांचं खरं नाव नव्हतंच. नट केल्सी ग्रामर यांचा साइडशो बॉब हे पात्र पाहुणा म्हणून आला आणि घरचा होऊन बसला. नाशिकमध्ये बनणाऱ्या छोट्या मालिकेला दुसरा प्रकार जास्त मानवतो. स्वतः म्हणून आलेल्या पाहुण्याचा बघता बघता ‘प्रमुख पाहुणा’ होतो: हार, नारळ, टाळ्या, आणि विनोद पायरीशीच उभा. त्याला स्वतः म्हणूनच आणायचं असेल तर थट्टा त्याची व्हायला हवी, आणि तसं त्याला फोनवरच सांगून टाका. माइकसमोर उभं केल्यावर सांगितलंत तर तो ओळी बदलायला बसेल.

भूमिका लहानच ठेवा. आठ ते बारा ओळी, एकेक ओळ दहा-बारा शब्दांची, पडद्यावर मिळून एखाद मिनिट. नटी एलिझाबेथ टेलर यांनी १९९२ मध्ये ‘सिम्पसन्स’मधल्या तान्ह्या मॅगीचा पहिला शब्द म्हटला; त्या भूमिकेत तेवढा एकच शब्द होता, आणि भाग आजही लोकांच्या लक्षात आहे.

लेखी काय घ्यायचं? मानधन, श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं, चित्रात चेहरा ओळखू येईल असा काढायचा का, भाग कुठे कुठे दाखवणार, आणि हल्ली आणखी एक कलम: या रेकॉर्डिंगवरून संगणकाने नवा आवाज तयार करायचा नाही. पाहुणा गायक असेल तर त्याचा एखाद्या म्युझिक कंपनीशी करार आहे का, हे आवर्जून विचारा. १९९१ मध्ये मायकेल जॅक्सन टोपणनावाने ‘सिम्पसन्स’मध्ये बोलले, पण करारामुळे गाण्याचा भाग किप लेनन यांच्या आवाजात करावा लागला. पाहुण्याची एखादी अट असली तर तीही कागदावर येऊ द्या. लिसा पुढेही शाकाहारी राहील, या अटीवर मॅकार्टनी १९९५ मध्ये आले होते, आणि मालिकेने ती आजवर पाळली आहे.

आता जागा आणि वेळ. नाशिकमध्ये खोली निवडण्याआधी आजूबाजूचं वेळापत्रक बघावं लागतं. पंचवटीत आरतीच्या वेळा टाळा. देवळाली कॅम्पच्या बाजूला तोफांचा सराव चालू असला की दूरवरचा तो धप्प आवाज कानाला जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. ओझरकडे लढाऊ विमानं. मखमलाबाद, गिरणारेकडे सकाळी द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर. गणपतीच्या आधीचे काही आठवडे तर संध्याकाळी कुठेच काही ठेवू नका, नाशिक ढोलाचा सराव कुठल्याही भिंतीला जुमानत नाही. पावसाळ्यात वर पत्रे असलेली खोली बाद. या सगळ्यातून साधारण दुपारी दोन ते चार ही वेळ बरी उरते. नाटकवाल्यांनाही ती सोयीची, कारण सकाळी अकराच्या आधी त्यांचा आवाज उघडलेला नसतो.

पाहुण्याला हलवणं कठीण असेल तर तुम्ही त्याच्याकडे जा. टोनी ब्लेअर ब्रिटनचे पंतप्रधान असताना, २००३ मध्ये, ‘सिम्पसन्स’वाले त्यांचा आवाज घ्यायला लंडनला गेले होते; गंगापूर रोडवरून नाशिकरोडला जायला तुमची काहीच हरकत नसावी. पाहुण्याच्या घरी कपड्यांची कपाटं असलेली झोपायची खोली मागा. दिवाणखाना दिसतो छान, पण फरशी आणि काचा आवाज परतवतात. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टंग्’ अशी शेपटी ऐकू आली तर गोधड्या काढा.

गोधडी लावताना हमखास होणारी चूक म्हणजे ती माइकच्या मागे टांगणं. माइकचं तोंड बोलणाऱ्याकडे असतं, म्हणजे तो सगळ्यात जास्त ऐकतो ती बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. पहिली गोधडी तिथे. दुसरी खाली फरशीवर. मग उरलीच तर माइकमागे. पंखा, एसी, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात तर मोटारीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जरची गुणगुण काही वेळा थेट रेकॉर्डिंगमध्ये शिरते.

माइक तोंडापासून एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, आणि ओठांच्या अगदी समोर न धरता जरा बाजूला, नाकाच्या उंचीवर. मराठीत प, फ, भ यांचे फटकारे जबर असतात. ‘भाऊ, फुकट फोडणी’ अशी ओळ समोरून घेतली की प्रत्येक शब्दाला धप्प होतं. पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची फटकारे अडवणारी जाळी, लावाच, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. साध्या बोलण्याची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील एवढाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याची पातळी, ठेवा. मंचावर वाढलेला नट तालमीत हळू बोलतो आणि खऱ्या टेकला खच्चून आवाज लावतो. तेव्हा क्लिप झालेली, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेली, ओळ नंतर कशानेच सुधारत नाही. ओरडायची ओळ आली की त्याला पाऊलभर मागे जायला सांगा.

कपड्यांबद्दल आधीच नम्रपणे कळवा. बांगड्या, घड्याळ, कडक इस्त्रीचा झब्बा नको. येवल्याची पैठणी फोटोत झकास दिसते, माइकसमोर सळसळते. ‘नाशिकला आलात, मिसळ झालीच पाहिजे’ हा आग्रह रेकॉर्डिंग उरकल्यावर. तर्रीने घसा धरतो आणि सोबतच्या दह्याने चिकटा येतो. आधी साधं पाणी आणि आंबट सफरचंदाच्या दोन फोडी. बोलताना तोंडातून येणारा चटचट आवाज त्याने कमी होतो.

तुमच्या चमूतल्या कोणाकडून तरी सगळ्या ओळी कच्च्या आवाजात आधीच बोलून घ्या आणि ॲनिमॅटिकला, म्हणजे कच्च्या चित्रांच्या चालत्या आराखड्याला, लावून लांबी तपासा. तो कच्चा आवाज पाहुण्याला चुकूनही ऐकवू नका. ऐकला की तो नकळत त्याचीच नक्कल करतो, आणि तुम्ही ज्या आवाजासाठी त्याला बोलावलंत तोच हरवतो.

टेक घेताना काय होतं ते एका ओळीवर बघा. पाहुणा मिसळवाला झालाय, ओळ आहे: ‘रस्सा कितीही घ्या, पाव मात्र मोजून.’ पहिल्या टेकला ‘कितीही’वर जोर येतो, उदार वाटतं, हसू येत नाही. दुसऱ्याला ‘मात्र’वर येतो, माणूस भांडखोर वाटतो. तिसऱ्यात सगळं सपाट, आणि ‘मोजून’च्या आधी जेमतेम अर्धा श्वास. हाच घ्यायचा. पण पाहुण्याला ‘मोजूनच्या आधी थांबा’ असं सांगितलंत तर तो तिथे नाट्यगृहाएवढा विराम घेईल. त्याऐवजी ‘बोलताबोलता तुम्ही पाव मोजताय’ एवढंच सांगा. ओळ स्वतः म्हणून दाखवू नका. दिग्दर्शकाने ओळ म्हटली की पाहुणा पोपट होतो. प्रत्येक ओळ सलग तीनदा, मग आवडलेल्या वळणाने आणखी एकदा, आणि पुढे चला. पाचव्या-सहाव्या टेकनंतर सहसा बिघडतच जातं.

सगळ्या ओळी झाल्यावर शब्दांवाचूनचे आवाज घ्या: ठसका, उचकी, धाप, दचकणं, तोंड भरलेलं असताना ‘हं’, आणि तीन प्रकारचं हसू. हे विसरलं तर चित्रकार पात्राला पायरीवरून पाडतो आणि पात्र मुकाट्याने पडतं. आरडाओरड अगदी शेवटी, कारण त्यानंतर घसा बसतो. मग सगळ्यांना गप्प करून रिकाम्या खोलीचा तीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करा. ओळींमधले सांधे बुजवायला तो लागतो. पाहुणा चप्पल घालण्याआधी हेडफोनवर दोन-चार ओळी ऐका आणि फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवा.

पाहुणा मुंबईहून येऊ शकत नसेल तर त्याच्याच फोनवर, गोधडीखाली, रेकॉर्ड करायला सांगा, आणि तुम्ही दुसऱ्या फोनवरून हेडफोनमधून सूचना द्या. फाइल ड्राइव्हवर मागवा. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट दाबून बारीक केलेली असते, ती चालणार नाही.

पुढे चित्राशी जुळवताना सेकंदाला २५ फ्रेमच्या पट्टीवर ओठ मिटणारी अक्षरं, म्हणजे प, फ, ब, भ, म, आधी खुणावून घ्या. मिटलेले ओठ किमान दोन फ्रेम दिसू द्या आणि आवाजाच्या एक फ्रेम आधी मिटवा. बरोबर आवाजावर मिटवले तर पात्र उशिरा बोलल्यासारखं वाटतं. बाकी अक्षरांना सात-आठ मुखाकृती पुरतात. कापाकापीत एखादी ओळ बदललीच तर नवी ओळ घ्यायला त्याच खोलीत, तोच माइक तेवढ्याच अंतरावर ठेवून जा. म्हणून पहिल्याच दिवशी माइक आणि गोधड्यांच्या मांडणीचा फोनवर फोटो काढून ठेवा, जमिनीवर पाहुण्याच्या पायांपाशी चिकटपट्टीची खूण दिसेल असा.