बाळाला चर्चमध्ये नेण्याआधी

तारीख नंतर, आधी पाळकांची भेट. हॉल, केक, फोटोग्राफर हे त्याहून नंतर. बाळाचा बाप्तिस्मा करायचा, म्हणजे पाण्याने मंडळीत घ्यायचं, की समर्पण, म्हणजे पाण्याविना प्रार्थनेने देवाला वाहायचं, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आजीच्या हौसेवर किंवा मामाच्या सुट्टीवर सोडू नका. कॅथलिक आणि मेथडिस्ट मंडळ्यांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल मंडळ्यांत बाळाचं समर्पण करतात. बाप्तिस्मा मूल मोठं होऊन स्वतः मागेल तेव्हा, पाण्यात बुडवून. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मात्र निवड खरोखरच आईबापांवर येते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन ती बनली, त्यांत तान्ह्याला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते तसे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते, म्हणून तिथे दोन्ही रीती मान्य आहेत.

निवडायचं तर काय निवडतोय ते कळलं पाहिजे. तान्ह्याच्या बाप्तिस्म्यात पहिलं पाऊल देवाचं, अशी श्रद्धा आहे. बाळाने काही मागण्याआधीच त्याला मंडळीत घेतलं जातं. फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाने रातोरात घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला, तो प्रेषितांची कृत्ये १६ मधला प्रसंग या बाजूचे लोक सांगतात. समर्पण मानणारे १ शमुवेल १ मधल्या हन्नाकडे बोट दाखवतात: नवस करून मागितलेला शमुवेल तिने परमेश्वराला वाहिला. शिवाय मार्क १० मध्ये येशूने बालकांना कवेत घेतलं, आशीर्वाद दिला, पाण्याचा तिथे उल्लेख नाही. हे तिन्ही उतारे नवरा-बायकोने एकत्र वाचावेत. माहेरची मंडळी एक आणि सासरची दुसरी असेल तर जो वाद व्हायचा तो आत्ताच होऊ द्या. ‘दोन्हीकडे गुपचूप उरकून टाकू’ हा तोडगा घरोघरी निघतो, पण बाप्तिस्मा एकदाच होतो. आणि समर्पण म्हणजे सोपा बाप्तिस्मा, असंही धरून चालू नका. समर्पण केलेलं मूल उद्या बाप्तिस्म्याला ‘नाही’ म्हणू शकतं. ते ऐकायची तयारी असेल तरच त्या वाटेने जा.

आईवडील स्वतःच नव्याने विश्वासात येत असतील तर मुलाचं काय, हेही पाळकांना विचारून घ्या. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या चिमुरड्या मुलीचा, मनोरमेचाही झाला होता.

विधीत विचारले जाणारे प्रश्न आठवडाभर आधी मागून घ्या. दुष्टाईचा त्याग करता का, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावर विश्वास ठेवता का, या मुलाला विश्वासात वाढवाल का. शब्द मंडळीगणिक बदलतात, पण ‘होय’ तुम्हालाच म्हणायचं असतं. घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा; ज्या ओळीला जीभ अडखळेल तिच्याबद्दल पाळकांशी बोला. समर्पणातही संगोपनाचं वचन आईबापच देतात. बऱ्याच ठिकाणी मंडळीलाही उभं करून साथीचं वचन घेतात, तेव्हा विधी शक्यतो रविवारच्या उपासनेतच ठेवा. शनिवारी संध्याकाळी चार नातेवाइकांसमोर केला तर ते वचन द्यायला असतं कोण?

गॉडफादर-गॉडमदर निवडताना पाकिटाची जाडी बघू नका. कॅथलिक नियमाप्रमाणे एक जण पुरतो, दोघे असले तर एक पुरुष, एक स्त्री. सर्वसाधारणपणे सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं, आणि बाळाचे आईवडील नव्हेत. माझ्या मते आणखी एक अट हवी, ती म्हणजे दहा वर्षांनी फोन केला तर उचलणारा माणूस.

कागदपत्रांत बाळाचा जन्मदाखला, तुमच्या लग्नाचा आणि बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. जन्मनोंदणीत नाव घातलं नसेल तर आधी ते घाला, म्हणजे दोन्हीकडे स्पेलिंग एकच राहील. नाव बायबलमधलंच हवं असं नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नारायणच राहिले. बारसं करायचं असेल तर घरी हौसेने करा, पाळणा म्हणा, फक्त चर्चमधल्या विधीत ते मिसळू नका.

त्या दिवशी बाळाला उपासनेआधी पाजून घ्या. पुढून उघडणारं सुती झबलं बरं, जाळीचा घेरदार फ्रॉक टोचतो आणि बाळ रडतं. कॅथलिक विधीत तेल आणि मेणबत्तीही असते, म्हणून जास्तीचं फडकं जवळ ठेवा. हिवाळ्यात पाणी कोमट करायला आदल्या दिवशीच सांगा. इतर धर्मांचे शेजारीपाजारी येणार असतील तर कधी उभं राहायचं आणि प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरच बसलं तरी चालतं, हे त्यांना आधी सांगून ठेवा, बिचारे अवघडतात.

बाळ आजारी, अगदी अत्यवस्थ असेल तर ही सारी यादी बाजूला. कॅथलिक शिकवणीप्रमाणे अशा वेळी कुणीही, नर्ससुद्धा, पाणी ओतून पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा करू शकते. बाळ बरं झालं की पॅरिशला कळवून नोंद करून घ्यायची. पुन्हा बाप्तिस्मा होत नाही. समर्पण मानणाऱ्या मंडळ्यांत ही घाई नाही. पाळकांना बोलावून प्रार्थना करा.

विधी झाल्यावर दाखला घेतल्याशिवाय निघू नका. समर्पणाचा दाखला वेगळा असतो, तो पुढे बाप्तिस्म्याचा म्हणून चालत नाही. चर्चमधल्या लग्नाच्या वेळी बाप्तिस्म्याचाच दाखला मागतात, तेव्हा नाव, जन्मतारीख, आईचं नाव तिथेच रजिस्टरशी ताडून बघा आणि चूक असेल तर सेक्रेटरी घरी जाण्याआधी दुरुस्त करून घ्या.