ग्रॅनाइट शिकायचाय? आधी ओहोटीची वेळ बघा

गोव्यात जिऑलॉजी घेतली म्हटलं की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले: खाणीवर नोकरी लागणार, की समुद्रात जाणार? त्यांचंही काही चुकत नाही. समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला, ध्रुवीय संशोधन केंद्र वास्कोला, आणि खनिजावर तर इथे निवडणुका गाजतात. मी मात्र काणकोणचा ग्रॅनाइट आणि गोव्यातले जुने हिरवट खडक धरले. या वाटेवर गर्दी कमी, पैसाही बेताचा, पण काम रगड आहे.

पहिली अडचण म्हणजे खडक दिसतच नाही. सडे नि डोंगर जांभ्याने झाकलेले. तो चिरेखाणवाल्यांच्या कामाचा. आपल्याला हवं ते त्याच्या खाली. म्हणून जिथे पाण्याने खडक धुऊन काढलाय तिथे जायचं: नदीचं पात्र, किनाऱ्यावरची खडकाळ टोकं, किंवा रस्त्यासाठी नुकताच कापलेला डोंगर. पावसाळ्यात फील्डचं नाव काढू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस खरे. अनमोड घाट मोले अभयारण्याच्या पट्ट्यात येतो, तिथे वन खात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय पिशवीतून हातोडी काढायची नाही.

सुरुवात काणकोणच्या पाळोळे किनाऱ्यापासून करावी. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा, कारण भरतीला बराचसा खडक पाण्याखाली जातो. इथल्या ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार या खनिजाचे मोठमोठे स्फटिक आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यातल्या एकावर नजर ठेवून मान हळूहळू हलवा. अर्धा स्फटिक चमकेल नि अर्धा विझलेला राहील, मग उलट. हे कार्ल्सबाड जुळं, म्हणजे एकमेकांना चिकटून उलट दिशांनी वाढलेले दोन स्फटिक. पुस्तकातली आकृती पाठ करण्यापेक्षा हे एकदा बघितलेलं बरं. पुढे बघायचं ते स्फटिकांची रांग. ते एका दिशेला झुकलेले असतील, तर ती दिशा वाहत्या शिलारसाची की नंतर आलेल्या दाबाची? शेजारचं क्वार्ट्‌झ भिंगातून तपासा. तेही ताणून चपटं झालं असेल तर दाब नंतरचा. नुसतेच फेल्डस्पार रांगेत असतील तर प्रवाहाचा संशय घ्यायचा. दगडावर असं ओणवं बसलेलं दिसलात की कुणीतरी येऊन ‘सोनं सापडलं काय?’ विचारणारच. हसून ‘अजून नाही’ म्हणायचं आणि कामाला लागायचं.

हिरव्या खडकांची गोष्ट वेगळी. मुळात तो लाव्हाच, नंतर उष्णता नि दाबाने बदललेला. त्यात क्लोराइट, ॲक्टिनोलाइट, एपिडोट ही हिरवी खनिजं तयार झाली आणि त्यांनीच तो रंग दिला. इथल्या जुन्या खडकांच्या थरांना गोवा ग्रुप म्हणतात, त्यातल्या एकेका थरसमूहाला फॉर्मेशन. तळाला बार्से फॉर्मेशनचे असे हिरवे खडक, त्यावर सावर्डे, डिचोली आणि वागेरी. आपलं प्रसिद्ध लोहखनिज डिचोली फॉर्मेशनमधलं.

आता मुद्द्याचं. नवीन मुलं आली की पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘मॅडम, डेटिंग कुठे करायचं?’ म्हणजे खडकाचं वय कुठे काढायचं. थांबा. ग्रॅनाइटमध्ये झिर्कॉन नावाच्या खनिजाचा बारीक स्फटिक सापडतो. तो तयार होताना युरेनियम घेतो, शिसं जवळपास घेतच नाही. पुढे त्या युरेनियमचंच हळूहळू शिसं होतं, म्हणून त्यातल्या शिशावरून वय काढता येतं. लाव्हाच्या खडकात झिर्कॉन दुर्मीळ. तेव्हा ग्रीनस्टोनचं, म्हणजे या हिरव्या खडकांचं, वय बहुतेक वेळा शेजारच्या ग्रॅनाइटवरूनच ठरवावं लागतं, आणि ते दोघांच्या सीमेवर. ग्रॅनाइटच्या शिरा हिरव्या खडकात घुसल्या असतील, तर ग्रॅनाइट नंतरचा. उलट ग्रॅनाइटचे गोटे वरच्या काँग्लोमरेटमध्ये, म्हणजे गोटे चिकटून झालेल्या खडकात, सापडले, तर ग्रॅनाइट त्या थराच्या आधीचा. ही सीमा वहीत नीट रेखाटलेली नसेल, तर प्रयोगशाळेतून आलेला आकडा कशाचं वय सांगतो तेच कळत नाही.

आकड्यांचंही ऐका. अनमोड घाटातल्या नाइसचं (उष्णता नि दाबाने पट्टेदार झालेल्या खडकाचं) वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने सुमारे ३४० कोटी वर्षं आलं, काणकोणच्या ग्रॅनाइटचं सुमारे २४० कोटी. पण काणकोणच्या आकड्याची त्रुटी-मर्यादा तीस कोटींहूनही जास्त आहे. खडक नंतर पुन्हा तापला की या पद्धतीचं घड्याळ बिघडतं. म्हणजे करण्यासारखं काम इथे शिल्लक आहे, आणि तेही बसने जाता येईल एवढ्या अंतरावर!

नमुना घेताना कुजकी साल काढून आतला ताजा भाग घ्या, दिशेची खूण खडकावर असतानाच करा. थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा दगडाचा पातळ काप, ०.०३ मिलिमीटर जाडीचा लागतो, तो स्वतः घासायला शिका. दुसऱ्याने घासलेल्यात काय निसटलं ते कधीच कळत नाही.

पोटापाण्याचं थोडक्यात सांगते. बीएस्सीनंतर जॅम (आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) किंवा ताळगावला गोवा विद्यापीठात एमएस्सी, पुढे संशोधनासाठी नेट किंवा गेट परीक्षा. जीएसआय म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. तिची तयारी नि पीएचडी एकदम करायचा हट्ट धरू नका, दोन्हींची ओढाताण होते. घरच्यांना मात्र परीक्षेचंच नाव सांगा, त्यांना तेवढंच कळतं आणि तुम्हाला शनिवारी काणकोणला जाता येतं.